वरपर्यंत ओळख

प्रत्येक सोसायटीत एक काका असे असतात की त्यांचा ‘इन्फ्लुअन्स’ असतो. कुठे, हे विचारायचं नसतं. ‘वरपर्यंत’ एवढंच उत्तर मिळतं आणि ते देताना बोट पंख्याकडे जातं.

काकांचा सुवर्णकाळ म्हणजे टंचाईचा काळ. बजाजची चेतक १९७२ मध्ये आली, पण नंबर लावून दारात यायला वर्षं जायची. गॅसचं तेच, टेलिफोनचं तेच. टेलिफोनसाठी जादा अनामत भरून ‘ओवायटी’ योजनेत नाव घातलं तरी वाट बघणं काही चुकायचं नाही. तेव्हा ‘थांबा, बोलतो एकाशी’ म्हणणारा माणूस देवासारखा वाटायचा.

काम होतं की नाही ते सोडा, बघण्यासारखा असतो तो फोन. आधी चष्मा पुसायचा, मग डायरी चाळायची. साहेब लाइनवर आले की काका खुर्चीतून अर्धे उठतात. ‘नमस्कार साहेब, ओळखलंत ना?’ इथे जरा शांतता. ‘अहो, सांगलीचे... हां हां, तेच!’ हे ‘तेच’ ऐकलं की आपला जीव भांड्यात पडतो. मग काका रेल्वेच्या वेटिंग तिकिटाचा पीएनआर सांगतात. कन्फर्म झालं तर काकांमुळे. नाही झालं तर ‘आयत्या वेळी सांगितलंत हो!’ बऱ्याचदा कुणीतरी प्रवास रद्द केल्याने नंबर आपोआपच सरकलेला असतो. पेढे मात्र काकांकडे जातात.

१९९१ नंतर स्कूटरच शोरूममध्ये गिऱ्हाइकाची वाट बघू लागली, पुढे टेलिफोन खिशात आले आणि काकांचं निम्मं राज्य खालसा झालं. उरलं ते शाळेचं अ‍ॅडमिशन, दवाखान्याचं बिल आणि शिर्डीचं दर्शन. यातलं शेवटचं खातं काही बुडायचं नाही. आपल्याला देवापुढेही रांग नको असते.

हल्ली काकांची पुतणी इन्फ्लुएन्सर झाली आहे. घराण्याचा वारसा चालला म्हणून काकांना भरून आलं. ती लिपस्टिकचे व्हिडिओ करते, हे त्यांनी पोटात घातलं. पण पैसे घेऊन केलेल्या व्हिडिओवर तसं लिहावं लागतं, जाहिरात मानक परिषदेचा २०२१ पासूनचा दंडक आहे, हे ऐकून ते हादरले. घेतलं ते जाहीर करायचं? (आमच्या काकांनी पेढ्यांपलीकडे काही घेतलेलं नाही, हे नोंदवून ठेवतो.)

‘फॉलोअर किती म्हणालीस?’

‘चाळीस हजार.’

‘त्यातले मंत्रालयात किती?’