पोटभाडेकरूंचं खासगी जाळं

आमच्या दोन खोल्यांच्या घरात खासगी म्हणावी अशी जागा एकच, आणि ती डेस्कटॉपच्या १६ जीबी रॅममध्ये आहे. तिथे व्हर्च्युअलबॉक्सच्या आश्रयानं तीन आभासी संगणक पोटभाडेकरू म्हणून राहतात: एक विंडोज, दोन लिनक्स. कुणी कुणाशी किती संबंध ठेवायचे, हे त्यांच्या बाबतीत चक्क यादीतून निवडता येतं. ही सोय नातेवाइकांना अजून लागू झालेली नाही.

काहीच निवडलं नाही तर मिळतं नॅट. भाडेकरू इंटरनेटवर फिरून येतो, पण मालकाच्या नावावर. बाहेरून त्याला थेट हाक मारता येत नाही. तिघांचाही पत्ता एकच, १०.०.२.१५! तरी भांडण नाही. प्रत्येकाचं जाळं वेगळं असल्यानं आणखी दोघं इथंच राहतात याचा कुणाला पत्ताच नसतो.

ब्रिज्ड निवडलं की भाडेकरू मालकाला न विचारता थेट घरच्या राउटरकडून पत्ता घेतो. राउटरच्या यादीत अनोळखी नाव दिसलं की आई शेजारच्या मुलावर संशय घेते. होस्ट-ओन्लीत आपसांत बोला, मालकाशी बोला, पण उंबरा ओलांडायचा नाही. मालक सहसा १९२.१६८.५६.१ वर बसतो. असे पत्ते कुणीही वापरावेत म्हणून १९९६ सालीच आरएफसी १९१८ नं राखून ठेवले आहेत. अट एकच, ते घेऊन इंटरनेटवर मिरवायचं नाही.

सर्वांत कडक बंदोबस्त इंटर्नलचा. तिथे मालकालाही मज्जाव. पत्ते वाटायला डीएचसीपी बसवला नाही, तर विंडोज थोडी वाट पाहतं आणि १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन मोकळं होतं. म्हणून मी तिघांनाही हातानं पत्ते दिले आणि आत काय गुजगोष्टी चालतात ते पाहायला एका लिनक्सवर टीसीपीडम्प लावला. पडद्यावर ओळी उमटू लागल्या: १०.१०.१०.२ कोण आहे? १०.१०.१०.३ ला सांगा. थोड्या वेळानं पुन्हा तेच.

आई मागून वाचत होती. "एवढा आडपडदा, आणि बोलतात हे?"

"आत दुसरं काही नाही ना."

"मग एकाला तरी बाहेर जाऊ दे. चार बातम्या आणेल."

नेटवर्कवाले यालाच गेटवे म्हणतात. व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीतून एका मशीनला चार अ‍ॅडॉप्टर जोडता येतात. एका लिनक्सला दुसरा अ‍ॅडॉप्टर नॅटचा दिला, फॉरवर्डिंग आणि पत्ता बदलण्याचा नियम लावला, बाकीच्यांना त्याची वाट दाखवली. आता तिघांनाही जग मोकळं होतं.

विंडोजनं लगेच अपडेट उतरवायला घेतले.