रिकाम्या डब्यांचा कारभारी

जबलपुरावरील नागपूरकर भोसल्यांचा अंमल १८१७ साली संपला, कमाविसदार गेले, दप्तरे गेली, आणि पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर एका राज्यात व जबलपूर दुसऱ्या राज्यात पडल्यामुळे येथील मराठी माणसाचा उरलासुरला रुबाबही इतिहासजमा झाला; तथापि घमापुरातील एखाद्या जुन्या मराठी घराच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकावे आणि फळीवर उतरत्या उंचीने उभी असलेली डब्यांची फौज पाहावी, म्हणजे त्या कारभाराचा एक सुभा अद्याप खालसा व्हावयाचा राहिला आहे अशी खात्री पटते.

या सुभ्याचा जो अधिकारी, त्याला आपण अण्णा म्हणू. त्याचे खरे नाव विचारण्याची गरज नाही, कारण सतपुल्यापासून काचघरापर्यंत गल्लीगणिक तो एक तरी भेटतोच. बहुधा तो गन कॅरेज फॅक्टरीच्या भांडारातून निवृत्त झालेला असतो. १९०४ साली उभ्या राहिलेल्या त्या कारखान्यात तोफांचे गाडे तयार होत, आणि अण्णांच्या हाताखालून त्यांच्या खिळ्या-वायसरांची आवकजावक होई. उभी हयात प्रत्येक जिन्नस कार्डावर चढविल्यावाचून हातावेगळा न करण्यात गेलेल्या माणसाला, मुरांबा संपला एवढ्याच सबबीवर घरातील धडधाकट बाटली केराच्या टोपलीत जाताना दिसली, तर तो प्रकार सरकारी मालाच्या अपहाराइतकाच गंभीर वाटावा, यात नवल ते काय?

लोक त्यांना कंजूष म्हणतात. हा निव्वळ अन्याय आहे. पेन्शन दरमहा बिनबोभाट येते, मुलगा पुण्यास चांगल्या पगारावर आहे, आणि पाहुणा आला की कमानिया गेटजवळच्या हलवायाकडून खोव्याची जलेबी आणवताना अण्णा मागेपुढे पाहत नाहीत. (जलेबीचा पुठ्ठ्याचा खोका मात्र पाहुण्याच्या डोळ्यांदेखत पुसून ठेवला जातो.) कंजूष मनुष्य वस्तू जपतो ती पैसा वाचावा म्हणून, अण्णा जपतात याचे कारण एवढेच, की सेवानिवृत्ती ही तजवीज त्यांना फक्त माणसांपुरती मान्य आहे.

त्यांच्या घरी डब्याला नोकरी असते, आणि त्या नोकरीत बदल्या व पायउतार असतात, परंतु बडतर्फी नसते. १९३७ साली बाजारात आलेल्या डालड्याचा तो खजुराच्या झाडाचा पिवळा डबा घ्या. तूप संपल्यावर त्याची पहिली नेमणूक साखरेवर होई. तळाशी गंजाचा ठिपका दिसू लागला की तो डाळीवर येई. झाकण सैल झाले की न्हाणीघरात पाणी उपसण्याच्या कामी रुजू होई. आणि अखेरीस बूडच गेले म्हणजे अंगणातील पेरूच्या कोवळ्या रोपाभोवती, शेळ्यांपासून संरक्षणार्थ, कायमच्या पहाऱ्यावर उभा राही. रॉकेलच्या चार गॅलनी डब्याचा मान याहून मोठा. त्याचे तोंड छिन्नीने कापावयाचे, कापलेली कड पक्कडीने आत दुमडून हातोडीने बसवावयाची, वर लाकडाची आडवी मूठ ठोकावयाची, की नळावरून पाणी आणावयाची सोय झाली. आणि पुढे गळू लागला तर उभा चिरून, सपाट करून कोळशाच्या कोठडीच्या दारावर ठिगळ म्हणून मारला, की आणखी वीस वर्षांची निश्चिंती. कड दुमडण्याच्या कामी अण्णांचा हात असा बसलेला, की लहान मुलाने तीवरून बोट फिरवावे आणि ओरखडाही उठू नये.

तेलाच्या डब्याचा वास घालविणे हा तर एक स्वतंत्र विधीच. प्रथम राखेने घासणे, मग चिंचेच्या पाण्याने, मग सोड्याच्या उकळत्या पाण्याने. त्यानंतर गच्चीवर उपडा घालून वैशाखाचे ऊन देणे. आणि शेवटी घरातील सर्वांत तिखट नाकासमोर, म्हणजे काकूंसमोर, हजर करणे. काकूंनी "अहो, अजून करडी येतेय" असा शेरा मारला की प्रकरण फेरतपासणीसाठी परत जाई, आणि या निकालावर अपील नसे.

किंबहुना या संस्थानाचे खरे दप्तर काकूंच्या डोक्यात आहे, ही गोष्ट अण्णा सोडून सर्वांना ठाऊक आहे. बोर्नव्हिटाच्या डब्यात मोहरी, हॉर्लिक्सच्या बाटलीत तुरटी, आम्रखंडाच्या डब्यात विजेचे फ्यूज, आणि डेन्मार्कच्या लोणी-बिस्किटांच्या निळ्या गोल डब्यात सुयादोरे. (हा शेवटचा नियम घमापुरापुरता नाही, त्या निळ्या डब्यात बिस्किटांच्या आशेने हात घालून रिळे काढलेली मुले साऱ्या पृथ्वीवर आढळतात.) बाहेरच्या अक्षरांचा आतल्या जिनसाशी काही संबंध असावा ही अपेक्षाच त्या घरात अडाणीपणाची गणली जाते. एकदा पुण्याच्या सूनबाईंनी सुट्टीत येऊन, काकूंना विचारून विचारून, प्रत्येक डब्यावर सुवाच्य चिठ्ठ्या डकविल्या. चिठ्ठ्या आठवडाभर खऱ्या होत्या. मग एक जिन्नस संपला, त्याच्या जागी दुसरा आला, दुसऱ्याचा डबा तिसऱ्यास मिळाला, आणि पुढच्या खेपेस सूनबाईंनी श्रीखंडात जायफळपूड म्हणून जी सढळ हाताने घातली ती दंतमंजन निघाली. अण्णांनी दोन वाट्या खाऊन "चव ओळखीची वाटते" एवढाच अभिप्राय दिला.

टिनच्या डब्याचा पूर्वेतिहास सांगण्याचीही त्यांना हौस आहे. त्याचे पेटंट पीटर ड्युरंडने इंग्लंडात १८१० साली घेतले, परंतु तो उघडण्याचे खास हत्यार निघावयास पुढे चार दशकांहून अधिक काळ लोटला, आणि तोवर शिपाई संगिनीने किंवा छिन्नी-हातोड्याने डबे फोडीत. यावर अण्णांचे भाष्य असे, की ते सारे लोक डबा भरण्याच्या आणि फोडण्याच्या नादात राहिले. डबा रिकामा झाल्यावर कामास येतो, ही गोष्ट त्यांच्या ध्यानी आलीच नाही.

१९९७ च्या २२ मे रोजी पहाटे जबलपूर भूकंपाने हादरले. तो अनर्थ हसण्यावारी नेण्याजोगा खचित नव्हता. माणसे दगावली, घरे पडली, आणि घमापूरचे रस्ते अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पळालेल्या माणसांनी भरून गेले. कोणाच्या कडेवर मूल होते, कोणाच्या हाती दागिन्यांची पेटी. अण्णांच्या काखेत कोकोचा एक जुना डबा होता. शेजाऱ्यांनी त्यात सोने आहे असे गृहीत धरले. निघाले ते घराचे खरेदीखत, शिधापत्रिका, पेन्शनचे कागद आणि नीट गुंडाळलेला सुतळीचा गुंडा. उजाडल्यावर आत जाऊन त्यांनी पंचनामा केला: काचेच्या बरण्या फुटल्या, चिनीमातीची लोणच्याची बरणी गेली, टिनचे डबे सगळे खाली आले, पण झाकण एकाचेही निघाले नव्हते. त्यानंतर प्लॅस्टिकच्या डब्यांविषयी कोणी चांगला शब्द काढला, की ही साक्ष त्याच्यापुढे ठेवली जात असे.

अर्थात प्लॅस्टिकही शेवटी त्यांनी दरबारी रुजू करून घेतले, कारण रिकाम्या वस्तूची जात पाहणे त्यांच्या स्वभावात नाही. परंतु फळ्या संपल्या, पलंगाखालची जागा संपली, झाकणे हरवलेल्या डब्यांची आणि डबे हरवलेल्या झाकणांची अशा दोन निरनिराळ्या पेट्याही भरल्या, तेव्हा एका दुपारी अण्णा पेन्शनीसाठी बँकेत गेल्याचे साधून सूनबाईंनी दोन पोती कबाड्यास देऊन टाकली. अण्णांना ती परतताना चौकातच ठेल्यावर दिसली. त्यांनी आरडाओरडा केला नाही. दोन्ही पोती तेथेच रस्त्यावर ओतून मोजदाद केली, कबाड्याने मागितलेला दाम मोजला, आणि शिवाय त्याच्या मालातून कोणा तिसऱ्याच्याच घरचा एक बिनझाकणाचा डबा उचलून, खिशातील दोरीच्या तुकड्याने मापे घेऊन, तोही पदरात पाडून घेतला, कारण त्या तोंडाचे एक झाकण त्यांच्या पेटीत नेमणुकीची वाट पाहत पडले होते.

तेव्हापासून कबाडी मोहल्ल्यात शिरला की इतर दारी "लोहा, टीना, रद्दी" असे ओरडतो, अण्णांच्या दारी मात्र तो ठेला थांबवून अदबीने कडी वाजवितो आणि म्हणतो, "दादा, आज आपके नाप के तीन आए हैं." आतून काकूंचा आवाज येतो, "अहो, तीनच घ्या हं!" आणि अण्णा चष्मा शोधू लागतात, जो हळदीच्या डब्याशेजारच्या डब्यात असतो.