टोटल लॉस

आमच्या मुलुंड पूर्वेच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर सर्व्हेयर काका राहतात. त्यांचं खरं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक. उभी हयात मोटार विम्याचे सर्व्हेयर म्हणून गेली. कुठे गाडी ठोकली की जायचं, वाकून चॅसिस बघायची आणि मालकाच्या तोंडावर क्लेमचा आकडा कमी करायचा. निवृत्त झाल्यावर वर्षभर त्यांना करमेना. मग ते ॲक्शन सिनेमे बघायला लागले. तिथे गाड्या भरपूर ठोकतात.

2024च्या दिवाळीत 'सिंघम अगेन' आणि 'भूलभुलैया 3' एकाच दिवशी, 1 नोव्हेंबरला लागले. मला भुताचा बघायचा होता. काकांनी मला न विचारताच घाटकोपरच्या आर सिटीची, सिंघमची दोन तिकिटं काढली. पहिली गाडी उडाली तशी त्यांनी शर्टाच्या खिशातून छोटी डायरी काढली आणि मोबाइलच्या उजेडात लिहायला सुरुवात केली. मागून आवाज आला, "अंकल, लाइट बंद करो." काकांनी लाइट बंद केला, लिहिणं नाही. इंटरव्हलला समोशाच्या रांगेत ती डायरी मी बघितली. अंधारात ओळी एकमेकींवर चढल्या होत्या, तरी लागत होतं: 'एसयूव्ही, पांढरी – टोटल लॉस. जीप – डावा दरवाजा, बॉनेट, डेंटिंग-पेंटिंगमध्ये निघेल. हीरो – निरंक.'

"एकाही गाडीचा एफआयआर नाही," काका म्हणाले. "पोलीसच ठोकतायत, तर लिहून घेणार कोण?" आणि हसत सुटले. चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

रोहित शेट्टीबद्दल मात्र त्यांना मनापासून आदर आहे. "बाप एम. बी. शेट्टी, फाइटमास्टर. घरचा धंदा आहे. हा खऱ्या गाड्या उडवतो. बाकीचे कॉम्प्युटरवर उडवतात, त्याला क्लेम लागत नाही."

'जवान'मधलं मेट्रोचं अपहरण त्यांना पटलं नाही. "अपहरण करायला आधी आत शिरता आलं पाहिजे. सकाळी नऊला घाटकोपरला वर्सोव्याची मेट्रो पकडून दाखव म्हणावं शाहरुखला." शूटिंग पुण्याच्या मेट्रोत झालं होतं, हे मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "तरीच बसायला जागा होती!"

'ॲनिमल' तीन तास एकवीस मिनिटांचा. त्यावर त्यांचा अभिप्राय एका वाक्याचा: तेवढ्यात मी कसाऱ्याला जाऊन परत आलो असतो.

विनोदी सिनेमाला मात्र काका झोपतात. गाडी ठोकत नाही, लिहायला काही नाही, हात रिकामे. 2023 साली 'बाईपण भारी देवा' काकूंनी आधी भिशीच्या बायकांबरोबर नऊवारी नेसून पाहिला आणि मग काकांना ओढून नेलं. पडद्यावर सहा बहिणी मंगळागौर खेळत होत्या आणि शेजारी काका घोरत होते. काकू म्हणतात, निदान तालात तरी घोरायचं.

आता 'हाऊसफुल 5'. हा सिनेमा 6 जून 2025 ला दोन प्रकारांत लागला, ए आणि बी. सगळं सारखंच, फक्त शेवट वेगळा आणि खुनी वेगळा. आमच्याकडे हे कुणालाच माहीत नव्हतं. काकांनी ए पाहिला (एसीचा झोत थेट अंगावर येत होता म्हणून ते जागे राहिले), चौथ्या मजल्यावरच्या गुजराती शेठनी बी. संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर खुनी कोण यावरून जी जुंपली, ती तीन दिवस. काका म्हणत, मी स्वतः स्पॉटवर होतो. शेठ म्हणत, मी काय बाहेर पार्किंगमध्ये होतो? शेठनी लिफ्टमध्ये काकांशी बोलणं टाकलं. वॉचमनने दोन्ही बाजू ऐकून, ज्याचा खून झाला तो तर सिनेमातल्या बोटीवरून पडून मेला असणार, असा तिसराच निकाल दिला. (खुन्यांची नावं इथे देत नाही. कुणाचा बघायचा राहिला असेल.)

शेवटी तळमजल्यावरच्या कॉलेजातल्या पोरीने दोन प्रकारांची भानगड समजावून सांगितली. काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे एका अपघाताचे दोन क्लेम. नोकरीत असतो तर नोटीस काढली असती."

तरीही स्पॉट सर्व्हे केल्याशिवाय सही करायची नाही, हा जुना खाक्या. पुढच्या मंगळवारी, तिकीट स्वस्त असतं म्हणून, काका बी बघायला एकटेच गेले. रात्री जिन्यात भेटले तेव्हा मी विचारलं, "काय काका, शेठचा खुनी निघाला का?"

"शेवटची वीस मिनिटं डोळा लागला रे," काका म्हणाले. "शेठला सांगू नकोस."