तमिळ आडनाव: साहित्य आणि कृती

साहित्य: एक बाप, एक मुलगा, एक जहाज आणि तमिळचा गंध नसलेला एक कारकून. आडनाव आधीपासून असू नये. असल्यास पदार्थ फसतो.

मुलाला नुसते नाव ठेवावे. मुत्तुसामी घेऊ. मुत्तु म्हणजे मोती, सामी म्हणजे स्वामी. हा मुरुगन, म्हणजे आपल्याकडे बायका ज्याचे दर्शन टाळतात तो कार्तिकस्वामी. नावाआधी बापाच्या नावाचे आद्याक्षर लावले की गावात भागते. बापाचे नाव एक पिढी टिकते, पुढच्या पिढीला नवे अक्षर. कुळ-गाव असा आपला लवाजमा तिथे लागत नाही.

मग मुलाला पुदुच्चेरी किंवा कारैकालच्या बंदरावर न्यावे. साल १८५४ किंवा नंतरचे. फ्रेंचांनी १८४८ मध्ये गुलामगिरी मोडली, कॅरिबियनमधल्या त्यांच्या ग्वाडेलूप बेटावर उसाला मजूर मिळेनात, म्हणून करारावर माणसे भरून नेली. (ऊस कोणी तोडायचा, हा प्रश्न मराठी वाचकाला समजवायला नको.)

तिकडे त्याला मूल झाले की नोंदवहीत आडनावाचा रकाना येतो. रिकामा ठेवता येत नाही, म्हणून बापाचे नाव तिथे बसते, फ्रेंच वर्णलेखनात, आणि पुढे एखादे ख्रिस्ती नाव चढते. गावी जे नाव मुलाबरोबर गळून पडले असते, ते आता पणतूलाही चिकटते. एर्नेस्ट मूतूसामी याच नावाने फ्रान्सच्या संसदेत ग्वाडेलूपचे खासदार झाले.

वेगळी चव हवी असल्यास दक्षिण आफ्रिकेतले डर्बन. तिथे १८६० साली मद्रासहून मजुरांचे ‘ट्रुरो’ जहाज लागले. इथे जातीच्या पदव्याच आडनावे झाल्या: मुदलियारचे मूडली, कौंडरचे गव्हेंडर, पिळ्ळैचे पिल्ले. मलेशियात आडनाव न करताच ‘अमक्याचा मुलगा’ एवढ्यावर ओळखपत्र निघते. मला हीच पद्धत सर्वांत शहाणी वाटते.

नेहमीची चूक: विश्वनाथन आनंद. विश्वनाथन हे वडिलांचे नाव आहे, पण परदेशी मंडळी बुद्धिबळपटूला त्याच नावाने हाक मारत राहिली.

आडनाव तयार झाले म्हणून लगेच वाढू नये. हेन्री सिदांबारोम (मूळ चिदंबरम, नटराजाचे गाव) ग्वाडेलूपमध्ये जन्मले, तरी तिथल्या भारतीयांना मतदारयादीत घेण्यावरून १९०४ मध्ये त्यांना झगडा सुरू करावा लागला. हक्क मान्य झाला १९२३ मध्ये. तेव्हा मुरायला १९ वर्षे धरावीत.