नेट-सेट झालं, पण सेट कुठे?

१९८९ साली निघालेल्या ऑक्सफर्ड शब्दकोशाच्या २० खंडी आवृत्तीत 'सेट' या एकट्या क्रियापदाला ४३० च्या आसपास अर्थ होते आणि ते सांगायला सुमारे ६०,००० शब्द खर्ची पडले होते. एवढ्या शब्दांत आपल्याकडे एक कादंबरी होते आणि तिला अर्थ असतो एकच. कधीकधी तोही नसतो. पुढे 'रन'ने ६४५ अर्थ जमवून 'सेट'ला मागे टाकलं. टाकू दे. 'रन' आमच्या घरी मॅच असेल तेव्हाच लागतो. 'सेट'वाचून आमचं एक दिवस भागत नाही.

इंग्रजांचा सूर्य मावळतो तोही सेट, माणूस प्रवासाला निघतो तोही सेट, मोडलेलं हाड जागेवर बसवतात तेही सेट. निघणं आणि बसणं एकाच शब्दात उरकणाऱ्या लोकांनी दीडशे वर्षं राज्य केलं, यात नवल ते काय?

आपण हा शब्द घेतला आणि थेट स्वयंपाकघरात नेला. सासूचं दही लागतं, सुनेचं सेट होतं; विरजण एकच. काचेच्या कपाटात कपांचा सेट असतो. तो सहाचा आहे तोवर त्यातून कुणी चहा पीत नाही. एक कप फुटला, सेट मोडला, की उरलेले पाच त्याच संध्याकाळी वापरात येतात. गणितातल्या सेटला आपण संच म्हणतो; अनंत संचांमध्येही लहान-मोठं असतं, हे गेओर्ग कँटर या गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात सिद्ध केलं. लग्नाआधी सराफाकडे सोन्याचे सेट बघत बसलेल्या वधूपित्याला ते सिद्धतेवाचूनही पटतं. कचेरीत "कागदपत्रांचे तीन सेट काढून आणा" म्हणतात. आपण आणतो, मग चौथा मागतात.

खेळाचं म्हणाल, तर क्रिकेटमध्ये "आता हा सेट झालाय" असं कॉमेंटेटर म्हणाला, की पुढच्याच चेंडूला फलंदाज तंबूत. टेनिसचा सेट याहून चिवट. २०१० च्या विम्बल्डनमध्ये इस्नर आणि माहू यांचा शेवटचा सेट ७०-६८ पर्यंत गेला. सामना तीन दिवसांवर पसरला, कारण तो सेट काही केल्या संपेना. एका सेटपायी माणसं एवढी झिजू शकतात, हे साहेबाला तेव्हा कळलं. आपल्याकडच्या प्राध्यापकांना आधीपासून ठाऊक होतं.

कारण आपल्याकडे प्राध्यापकीच्या पात्रतेसाठी सेट नावाची परीक्षाच आहे. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ ती घेतं. आमचा एक भाचा नेटही झाला, सेटही झाला, आणि आता तासिका तत्त्वावर शिकवतो. घरात कुणीही आलं, की पहिला प्रश्न ठरलेला: "काय रे, सेट झालास का?" तो म्हणतो, "झालो की, पहिल्याच फटक्यात." पाहुणे म्हणतात, "तसं नव्हे रे, सेट!" या दुसऱ्या सेटमध्ये कायम नोकरी, फ्लॅट आणि बायको येते, बहुधा याच क्रमाने. मग एखादे काका त्याला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारतात, "कुठे काही सेटिंग?" हा अर्थ मात्र अस्सल आपला. त्याच्या एका टोकाला प्रेमप्रकरण असतं, दुसऱ्या टोकाला पाकीट. काकांना कुठलं टोक अभिप्रेत आहे, हे त्यांच्या आवाजावरून ओळखायचं.

खरं तर वेळेत सेट होण्याची सक्ती आपल्या देशात एकाच वस्तूवर आहे: सिमेंटवर. भारतीय मानकाप्रमाणे साध्या पोर्टलंड सिमेंटने ३० मिनिटांच्या आत घट्ट व्हायला लागायचं नाही आणि ६०० मिनिटांच्या पुढे रेंगाळायचं नाही. भाच्याला मी हे सांगितलं, तेव्हा त्याने अभ्यासू मुद्रेने विचारलं, "आणि सेट झाल्यावर?"

म्हटलं, "मग त्यावर रोज पाणी मारायचं. नाहीतर भेगा पडतात."

"म्हणजे लग्नानंतरचंही मानक आहे तर!" असं म्हणून तो तासाला निघून गेला.