होडीत बसलेल्या होड्या

कयाक म्हणजे बसणाऱ्याच्या हातांच्या बळावर चालणारी अरुंद, हलकी होडी. तिला इंजिन नसते आणि तिच्या चाहत्यांच्या मते हाच तिचा सर्वांत मोठा गुण. हा गुण भर समुद्रात मनसोक्त अनुभवता यावा म्हणून तिला इंजिनाच्या होडीवर लादून नेतात. वाहून नेणारीला ‘मदरशिप’, म्हणजे आईहोडी म्हणतात, मग ती जेमतेम सात मीटर लांब का असेना.

या पद्धतीमागचे कारण साधे अंकगणिताचे आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या बंदरापासून मेक्सिकोच्या हद्दीतली कोरोनाडो बेटे सुमारे २५ किलोमीटरवर आहेत. तिथे ‘यलोटेल’ हा पिवळ्या शेपटीचा, दांडगा मासा मिळतो. वल्हे मारणारा माणूस तासाला पाचेक किलोमीटर जातो. म्हणजे मासा दिसायच्या आधीच पाच तास खर्ची पडतात. दुपारी वायव्येचा वारा सुटतो आणि घर साधारण त्याच बाजूला असते. मोटारहोडी हेच अंतर तासाच्या आत कापते. गडाच्या पायथ्यापर्यंत मोटारीने जाऊन मग चढणीचा अभिमान बाळगण्यातला हा प्रकार आहे.

पद्धत मात्र नवी नाही. १८०३ साली जोसेफ ओ’केन या अमेरिकी कप्तानाने रशियन वसाहतींचा प्रमुख बारानोव याच्याशी करार केला आणि अलास्कातले स्थानिक शिकारी त्यांच्या कातडी कयाकांसह जहाजावर घेऊन थेट बाहा कॅलिफोर्नियाचा किनारा गाठला. शिकार होती समुद्री ऊदमांजराची. पुढे पोर्तुगालची शिडाची जहाजे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत न्यूफाउंडलंडजवळ कॉड धरायला जात. त्यांच्या डेकवर छोट्या होड्या एकीत एक रचलेल्या असत आणि प्रत्येकीतून एकच माणूस धुक्यात सोडला जाई. त्या लोकांना या कामाची मजुरी मिळे. आजचा हौशी माणूस त्याच एकांतासाठी पदरचे पैसे मोजतो. प्रगती ती हीच.

कयाक लादणे हे शास्त्र आहे. मासेमारीची कयाक साधारण चार मीटर लांब आणि तीस-चाळीस किलो वजनाची असते. होडी सात मीटरची असली तरी तिची रुंदी अडीच मीटरच्या आसपास. कयाक आडव्या ठेवल्या तर दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावतात आणि लाटांना हात लावत जातात. उभ्या ठेवल्या तर माणसांनी कुठे बसावे हा प्रश्न उरतो. म्हणून डोक्यावर लोखंडी सांगाडा उभारून त्यावर त्या पट्ट्यांनी आवळतात. त्यामुळे होडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि ती प्रत्येक लाटेला मान डोलावते. गळ, आमिष, पाणी आणि डबे चढल्यावर असे लक्षात येते की निसर्गाशी साधेपणाने एकरूप होण्याला सामान फार लागते.

उतरवण्याचा नियम एकच: आधी इंजिन बंद. इंजिनाच्या पंख्याला हौशी आणि व्यावसायिक यांतला फरक कळत नाही. कयाक बाजूने पाण्यात सरकवली की एका डुलणाऱ्या वस्तूवरून दुसऱ्या, जास्त डुलणाऱ्या वस्तूवर बूड टेकवायचे असते. या क्षणी माणसाचा समाजातला हुद्दा उपयोगी पडत नाही. वल्हे आणि गळ दोरीने कयाकला बांधलेले असतात. माणसाला बांधत नाहीत. त्याच्या अंगात तरंगणारे जाकीट असते.

मग मासा लागतो. यलोटेल खाली खडकांकडे किंवा केल्प या सागरी वनस्पतीच्या जंगलाकडे धाव घेतो आणि हलकी कयाक त्याच्यामागे ओढली जाते. ज्याने इंजिन नाकारले, त्याला मासा फुकट ओढून नेतो, बहुधा नको त्या दिशेला. मासा दमून वर येईपर्यंत समुद्रसिंह दबा धरून बसलेला असतो. अर्धा तास झुंजून कधी कधी हाती फक्त डोके येते आणि तेही समुद्रसिंहाने उदारपणे सोडलेले.

या सगळ्यात मोटारहोडीवर थांबणाऱ्या नाखव्याचे काम सर्वांत जबाबदारीचे. चार कयाक चार दिशांना पांगतात. लाटांमागे बसकी कयाक दिसत नाही, म्हणून प्रत्येकीवर उंच झेंडा आणि प्रत्येकाकडे रेडिओ लागतो. नाखव्याने डोकी मोजत राहायचे, वाऱ्याचा अंदाज घ्यायचा आणि ‘इथे काहीच लागत नाही, जरा पलीकडे ने’ ही तक्रार ऐकायची. पाणी मेक्सिकोचे असल्याने प्रत्येकाचा मासेमारी परवाना लागतो. माणशी दिवसाला दहाच मासे, त्यातही एका जातीचे पाचाहून अधिक नाहीत. मासा कोणत्या देशाचा हे पकडल्यावर ठरते.

परतताना दमलेली माणसे, ओल्या कयाक आणि मासे असे सगळे पुन्हा चढवावे लागते. चढवणे उतरवण्याहून अवघड, कारण आता गुरुत्वाकर्षण विरोधी पक्षात असते. बंदरात आल्यावर गोड्या पाण्याने मीठ धुवायचे आणि इंजिनातूनही गोडे पाणी फिरवायचे. पेट्रोलचा खर्च समान वाटतात, मासे ज्याचे त्याला. दिवसभर गळ न टाकलेल्या नाखव्याला एक मासा भेट देण्याचा शिष्टाचार आहे. तो सहसा सर्वांत लहान असतो.