आंबिया का मिरग

माझी भाची टांझानियात शिकवायला निघाली, तेव्हा निरोपाला अर्धी सोसायटी लोटली. मी निवृत्तीनंतर सौंसरजवळच्या खेड्यात फुकट शिकवायला निघालो, तर बायको एवढंच म्हणाली, "येताना संत्री आणा." (सौंसरचा जिल्हा 2023 पासून पांढुर्णा आहे, ती अजून सगळ्यांना छिंदवाडाच सांगते.)

भाचीने निदान स्वाहिलीचं पुस्तक घेतलं होतं. मला भाषेची काळजीच नव्हती. 1956 साली राज्यांच्या वाटण्या झाल्या, विदर्भ इकडे आला, हा मुलूख तिकडे, मध्य प्रदेशात राहिला. पण घरात मराठी तीच. पहिल्या दिवशी विचारलं, "मुलांनो, माझं बोलणं समजतंय ना?" वर्ग चिडीचूप. मग मागून आवाज आला, "सर, तुमी असे पुस्तकावानी काऊन बोलून राह्यले?"

खरं पुस्तक हिंदीत होतं, आणि हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न. 'हमें निरंतर चेष्टा करनी चाहिए' हे मी फळ्यावर लिहिलं. वर्गाने मराठी अर्थ धरला आणि मधल्या सुट्टीत माझ्या चालण्याची हुबेहूब नक्कल केली. 'डिब्बा खाली है' म्हटल्यावर एक पोट्टा गंभीरपणे बाकाखाली वाकला. त्याची हिंदी माझ्याहून चांगली आहे, हे नंतर कळलं.

गणितात तरी भाषा आड येणार नाही म्हणून सोपं उदाहरण घातलं : एक संत्रं 5 रुपयांना, तर 40 संत्री केवढ्याला?

"सर, आंबिया का मिरग?"

मला वाटलं, गावांची नावं असतील. एका मुलीने कीव येऊन समजावलं, की बहार दोन असतात. आंबिया दिवाळीच्या आगेमागे निघतो, मिरग उन्हाळ्याच्या तोंडाशी. भाव एक कसा राहील? तिच्या शेजारणीला तर गणितच मान्य नव्हतं. "नगावर कोन इकते, सर? व्यापारी झाडावरच बाग घेते." मी 200 लिहिलं आणि घाईघाईने पुसलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गात तीन जण. बाकीचे पांढुर्ण्याला, गोटमारीला. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात आणि पांढुर्णा-सावरगावची माणसं दोन काठांवरून एकमेकांवर गोटे फेकतात. डोकी फुटतात, जीवही गेले आहेत. दुसऱ्या दिवशी मी पुस्तक मिटून अर्धा तास अहिंसेवर बोललो. इतकी शांतता त्या वर्गात कधी नव्हती. मला भरून आलं. म्हटलं, "विचारा काही शंका असेल तर."

पहिल्या बाकावरचा उठला.

"सर, तुमी कोनाकडून? पांढुर्णा का सावरगाव?"